टसर पतंग: ऐनाच्या झाडावर त्याचं पूर्ण आयुष्य कसं पाहावं

टसर म्हणजे रानटी रेशीम. ते देणारा टसरचा पतंग बघायचा म्हणून टॉर्च घेऊन रात्री जंगलात हिंडणारे बहुतेक जण हात हलवत परततात. यात त्यांचा दोष नाही. हा पतंग पंख घेऊन जगतो तो जेमतेम आठवडा-दहा दिवस, उडतो अंधारात, आणि दिवसा वाळक्या पानांमध्ये पंख पसरून बसला की हातभर अंतरावरूनही नजर त्याच्यावरून घसरते. उरलेलं आयुष्य तो झाडावरच काढतो, आधी पानं खात आणि मग फांदीला लटकलेल्या कोषात. त्यामुळे पतंग शोधण्याच्या भानगडीत पडूच नका. आधी झाड शोधा, मग झाडावरचा कोष. कोष सापडला की पतंग कुठून येणार हे ठरलेलं असतं. कधी येणार, एवढीच काय ती वाट पाहायची.

इथे ज्या पतंगाबद्दल सांगतोय त्याचं शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिट्टा. मध्य आणि पूर्व भारतातल्या पानझडी जंगलांचा हा रहिवासी. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत तो चांगला माहीत आहे, कारण तिथे त्याच्यावर घरं चालतात. ढिवर समाजातली अनेक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या जंगलातल्या ऐनावर या अळ्या वाढवून कोसा, म्हणजे टसरचे कोष, काढत आली आहेत. टसरच्या स्थानिक वाणांपैकी एकाचं नावच ‘भंडारा’ आहे. माणसाची आणि या किड्यांची ओळख तर फारच जुनी. सिंधू संस्कृतीतल्या हडप्पा आणि चन्हुदडो इथल्या दागिन्यांना चिकटलेले धागे तपासले तेव्हा ते अशाच रानटी रेशमाचे निघाले. हे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झालं.

पहिली पायरी: झाड ओळखा

ऐन ओळखायला सोपा. साल काळपट, जाड, आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली. खात्री करायची तर पान उलटं करा. देठाजवळ, मधल्या शिरेच्या बाजूला एक-दोन लहान गाठीसारख्या ग्रंथी दिसतील. विदर्भात बरेच जण याला ‘येन’ म्हणतात. विचारताना तेच नाव घ्या, लवकर उत्तर मिळेल.

दुसरं झाड अर्जुन. तो नदी-नाल्याच्या काठी असतो, खोड गुळगुळीत, पांढुरकं-राखाडी, सालीचे पापुद्रे निघतात. टसरची अळी बोर, जांभूळ, बेहडा अशी आणखीही झाडं खाते, पण नवशिक्याने ऐन आणि अर्जुन सोडून कुठे जाऊ नये. मोठ्या वृक्षांपेक्षा तोडीनंतर फुटवा आलेली, डोक्याच्या उंचीची झुडुपं निवडा. वीस मीटर उंच ऐनाच्या शेंड्यावर कोष असला काय आणि नसला काय, तुम्हाला तो दिसणार नाही.

दुसरी पायरी: पानगळीत कोष शोधा

बहुतेक लोक पावसाळ्यात शोध सुरू करतात. तेव्हा झाड पानांनी गच्च असतं आणि कोष बहुधा दोन-तीन पानं ओढून त्यांच्या आड विणलेला असतो. त्यापेक्षा फेब्रुवारी ते मे हा काळ घ्या. ऐनाची पानं गळलेली असतात, पण कोष गळत नाही. का, ते त्याची बांधणी पाहिली की कळतं. अळी आधी फांदीभोवती रेशमाचं घट्ट कडं करते. त्या कड्यापासून काही सेंटिमीटरचा चिवट देठ खाली येतो आणि देठाला कोष लटकतो. पान गळो, वारा सुटो, फांदी आहे तोवर कोष आहे.

कोष अंडाकृती, चार-पाच सेंटिमीटर लांब, रंगाने राखाडी किंवा पिवळसर. हाताला कठीण लागतो, नखाने दबत नाही. तुतीच्या रेशीमकिड्याचा मऊ, पांढरा कोष पाहिलेल्या माणसाला पहिल्यांदा हे एखादं सुकलेलं फळच वाटतं. हा कठीणपणा नुसत्या रेशमाचा नाही. विणून होत आल्यावर अळी आपल्या उत्सर्जक नळ्यांमधून पांढरट द्रव सोडते, तो कोषात मुरतो आणि त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे कवच टणक होतं.

सापडलेला कोष जिवंत आहे का, हे तीन गोष्टींवरून ठरवा. देठाच्या टोकाला मोठं, विसविशीत कडांचं भोक असेल तर पतंग आधीच निघून गेला आहे, कारण तो नेहमी याच टोकाने बाहेर पडतो. कडेला कुठेतरी नीटस गोल भोक असेल तर आतल्या प्युपाला (अळी आणि पतंग यांच्यामधल्या अवस्थेतल्या किड्याला) परजीवी माशीने किंवा गांधीलमाशीच्या जातभाईंपैकी कुणीतरी संपवलं आहे. भोक नसेल तर कोष फांदीवरच राहू द्या आणि बोटांनी हलका उचलून पाहा. जिवंत प्युपा असलेला कोष चांगला जड लागतो आणि हलवला तर आत एखादी भरीव वस्तू सरकल्यासारखी वाटते. हलका लागून खुळखुळ वाजला तर आतला जीव सुकून गेलेला असतो. कानाशी धरून जोरजोरात हलवणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने परीक्षा होते खरी, पण परीक्षार्थी मरण्याची शक्यता असते.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ताडोबा, नवेगाव-नागझिरा अशा संरक्षित क्षेत्रांतून कोष, अळी, अंडी काहीही उचलायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून आहे आणि ‘अभ्यासासाठी घेतलं’ हे उत्तर तिथे चालत नाही. बाहेरच्या जंगलातही वनविभागाला विचारल्याशिवाय हात लावू नका. त्याहून बरा मार्ग म्हणजे टसर उत्पादकाच्या शेतावर किंवा रेशीम विभागाच्या केंद्रावर जाणं. राज्याचं रेशीम संचालनालय नागपुरात आहे, आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीच्या बाजूला टसरचं काम वर्षानुवर्षं चालत आलं आहे. उत्पादकाशी नीट बोललात तर दोन-चार बीजकोष, म्हणजे पतंग निघावेत म्हणून राखलेले जिवंत कोष, आणि भरपूर ज्ञान दोन्ही मिळतं. ज्ञान बहुधा आधी मिळतं.

तिसरी पायरी: पतंग बाहेर येताना पाहा

हिवाळ्यात तयार झालेल्या कोषातला प्युपा जानेवारीपासून जूनपर्यंत निपचित पडून असतो. अख्खा विदर्भाचा उन्हाळा तो असाच काढतो, काही न खाता-पिता. रोहिण्या-मृगाच्या सुमाराला हवेत दमटपणा आला की आत हालचाल सुरू होते. तुमच्याकडे परवानगीने आणलेले बीजकोष असतील तर ते सावलीत, हवेशीर जागी, देठाला दोरी बांधून एकमेकांपासून थोड्या अंतरावर लटकवा. डब्यात, पिशवीत, काचेच्या बरणीत ठेवू नका. उन्हाळा फार कडक असेल तर आसपास जमिनीवर पाणी शिंपडा, कोषांवर नको.

पतंग बहुतेक वेळा संध्याकाळनंतर बाहेर पडतो. त्याला जबडे नाहीत, मग तो एवढं कठीण कवच फोडतो कसा? तोंडाकडून तो एक द्रव सोडतो. त्यातलं कोकूनेज नावाचं विकर (एन्झाइम) रेशमाचे तंतू एकत्र धरून ठेवणारा डिंक विरघळवतं. देठाकडचं टोक आधी ओलं दिसू लागतं. हा डाग दिसला की जवळ बसून राहा, कुठे जाऊ नका. मग तंतू बाजूला सारत डोकं, पुढचे पाय आणि शेवटी सगळा देह बाहेर येतो. पंख त्या वेळी ओले, चुरगळलेले, नखाएवढे असतात.

आता तो कशाला तरी धरून लटकला पाहिजे, म्हणून कोष टांगून ठेवायचे. शरीरातला द्रव पंखांच्या शिरांत उतरून पंख उलगडायला साधारण अर्धा तास लागतो आणि ते कडक व्हायला आणखी काही तास. या काळात पतंग खाली पडला, त्याला कुणी हात लावला किंवा लटकायला जागा मिळाली नाही, तर पंख कायमचे वाकडे राहतात. फोटो काढा, पण फ्लॅश आवरा आणि फांदी हलवू नका. पंख सुकल्यावर तो तपकिरी-पांढरट पाण्याची पिचकारी सोडेल. तो कोषात साठलेला मळ आहे, आजार नव्हे.

चौथी पायरी: रंग आणि नर-मादी

आता नीट बघा, कारण या रूपासाठीच हा सगळा उपद्व्याप. पंखांचा पसारा पंधरा ते वीस सेंटिमीटर. मादी बहुधा पिवळी, कधी करडी. नर विटकरी, तांबूस किंवा बदामी-तपकिरी. एकाच दोरीवर शेजारी लटकलेले नर-मादी पाहून हे दोन वेगळे पतंग आहेत असं कुणालाही वाटावं इतका फरक असतो. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला करडी पट्टी असते, आणि बाहेरच्या कडेला समांतर अशी फिकट गुलाबी-जांभळट रेघ चारही पंखांवरून जाते.

प्रत्येक पंखाच्या मध्यावर एक डोळा असतो. या डोळ्याचा मधला भाग रंगवलेला नसतो, तो चक्क पारदर्शक असतो. तिथे पंखावर रंगाचे खवलेच नाहीत. त्याभोवती पिवळ्या, पांढऱ्या, गुलाबी आणि काळ्या रेषांची कडी. पतंग उजेडाच्या बाजूने आला की या चार खिडक्यांतून पलीकडचं पान दिसतं. माझ्या मते फोटो काढायचा तर हाच: पाठीमागून सकाळचा मऊ प्रकाश घ्या आणि फोकस डोळ्यावर ठेवा.

रंगावरून नर-मादी ठरवताना फसायला होतं, कारण दोन्ही लिंगांत छटा बदलतात. मिशा पाहा. नराच्या मिशा रुंद, पिसासारख्या दुतर्फा फाटलेल्या, मादीच्या अरुंद. मादीचं पोट अंड्यांनी फुगलेलं, नराचं निमुळतं. नराच्या पुढच्या पंखाचं टोक जास्त बाहेर आलेलं आणि किंचित वाकलेलं असतं.

त्याच जंगलातल्या दुसऱ्या मोठ्या पतंगांशी गल्लत होऊ शकते. फिकट हिरवा आणि मागे लांब शेपट्या असलेला दिसला तर तो चांद्रपतंग. पंखावरची पारदर्शक खिडकी गोल नसून त्रिकोणी असेल आणि पंखाचं टोक सापाच्या डोक्यासारखं दिसत असेल तर तो अ‍ॅटलास. गोल, कड्याकड्यांचा पारदर्शक डोळा चारही पंखांवर असेल तर तो आपला टसर.

पाचवी पायरी: जोडी आणि अंडी

या पतंगाचं तोंड खाण्याच्या कामाचं नसतं. त्याला साखरपाणी, मध, फळांचा रस काहीही देऊ नका. अळीने साठवलेल्या चरबीवर तो सगळं उरकतो, आणि उरकायचं काम एकच असतं.

मादी जिथे बाहेर पडते तिथेच आसपास बसून पोटाच्या टोकातून गंध सोडते. नर आपल्या त्या पिसासारख्या मिशांनी तो गंध दुरून टिपतो आणि उडत येतो. जंगलाला लागून राहत असाल तर मादीला जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात अंगणात टांगा आणि आसपासचे दिवे घालवा. आसपास टसर असेल तर रात्री रानातले नर जाळीवर येऊन आदळतात. दिवे घालवायचे ते मुद्दाम, कारण नर उजेडाकडेही ओढला जातो आणि मग मादीऐवजी ट्यूबलाइटला प्रदक्षिणा घालतो. जोडी जमली की ती तासन्‌तास, बरेचदा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते. ओढून वेगळी करू नका.

नंतर मादी दीडशे ते अडीचशे अंडी घालते. बहुतांश पहिल्या दोन-तीन रात्रींतच. अंडं चपटं-लंबगोल, सुमारे तीन मिलिमीटर, वर चिकट द्रवाचा तपकिरी लेप आणि मधून दोन समांतर तपकिरी रेघा. जोडी न झालेली मादीही अंडी घालते, पण ती फुटत नाहीत. म्हणून तारीख आणि जोडी झाली की नाही हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

बीजागारात, म्हणजे रेशीमकिड्यांची अंडी तयार करतात तिथे, एक काम आवर्जून केलं जातं, ते हौशी माणसानेही समजून घ्यावं. अंडी घातल्यावर मादीचं पोट कुटून त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात चकाकणारे लंबगोल बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी नष्ट करतात. हा पेब्रिन रोग, आईकडून थेट अंड्यात उतरणारा. तुतीच्या रेशीमकिड्यातल्या याच रोगाने १९ व्या शतकात फ्रान्सचा रेशीमधंदा बुडत आला होता, तेव्हा लुई पाश्चरने मादी तपासून बीज निवडायची ही पद्धत रूढ केली. जिची तपासणी झाली आहे तिच्या अंड्यांना रोगमुक्त अंडीपुंज म्हणतात. शेतावर अळ्या सोडायच्या असतील तर असेच अंडीपुंज घ्या, दुसरे नकोत. तुमच्या हौसेतला रोग शेजारच्या उत्पादकाचं पीक बुडवू शकतो.

सहावी पायरी: अळी, महिनाभराचा कार्यक्रम

आठ-दहा दिवसांनी, बहुतेक सकाळी, अंडी फुटतात. अळी सात मिलिमीटरच्या आसपास, पिवळसर-तपकिरी, डोकं गडद. पहिलं जेवण अंड्याचं टरफल. काही वेळातच ती पानाकडे चालू लागते. त्याआधी अंड्यांची पुडी कोवळ्या पानांच्या फांदीला बांधलेली असली पाहिजे. पहिल्या दिवसांत कोवळी पानंच लागतात, जून पान त्या जबड्यांना झेपत नाही.

ठेवायचं कुठे? जिवंत झाडावरच. ऐन-अर्जुनाच्या फांदीवर मच्छरदाणीच्या कापडाची मोठी पिशवी चढवा आणि तोंड बांधा. कापलेली डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवायचीच असेल तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळ्या देठावरून खाली उतरून पाण्यात बुडतात. पान ओलं असताना पिशवीत कोंडू नका, आणि विष्ठा रोज झटका.

अळी चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या पाच अवस्था होतात. कात टाकायच्या आधी ती खाणं सोडून डोकं वर धरून एका जागी खिळते, साधारण दिवसभर. मेली की काय म्हणून तिला टोचणारे, दुसऱ्या फांदीवर हलवणारे असतात. त्याच वेळी तिची जुनी कातडी सुटत असते आणि पायाची पकड तुटली तर ती कातडीत अडकून मरते. न खाणारी अळी दिसली तर आधी दिवसभर थांबा.

पहिली कात टाकली की रंग हिरवा होतो. क्वचित पिवळी किंवा निळसर अळीही निघते. दोन्ही बाजूंना खरोखर चकाकणारे चंदेरी ठिपके, अंगावर उंचवटे आणि त्यांवर विरळ केस. हे केस खाजत नाहीत. २०२२ साली घोणस अळीच्या डंखाच्या बातम्या आल्यापासून हिरवी अळी दिसली की लोक चप्पल काढतात, म्हणून सांगतो: घोणस अळी चपटी, दोन-तीन सेंटिमीटरची, अंगभर काटेरी झुबके असलेली. टसरची अळी गोल, जाडजूड, आणि पूर्ण वाढीला दहा-तेरा सेंटिमीटर, चाळीस ग्रॅमच्या आसपास.

एवढी मोठी अळी सहज दिसेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती फांदीच्या खालच्या बाजूला उलटी लटकते आणि पानांत विरघळते. झाडाखाली पाहा. ताज्या, उभ्या खाचा असलेल्या जाड गोळ्यांसारखी विष्ठा पडलेली असेल तर सरळ वर पाहा. पानांची नुसती मधली शीर उरली असेल तर अळी तिथून पुढे सरकली आहे. शेवटच्या अवस्थेत तर रात्री शांतता असेल तेव्हा चावण्याचा आवाज येतो. आयुष्यभराच्या खाण्यातला मोठा वाटा ती याच अवस्थेत संपवते, त्यामुळे पिशवी वेळेवर नव्या फांदीवर हलवली नाही तर उपासमार ठरलेली.

शत्रूंची यादी लांब आहे. लाल मुंग्या लहान अळ्या उचलून नेतात, ढेकण्या सोंड खुपसून रस शोषतात, गांधीलमाश्या तुकडे करतात, पक्ष्यांबद्दल तर बोलायलाच नको. म्हणूनच कोसा उत्पादक पिकाच्या दिवसांत जंगलातच खोपटं करून राखण करतात. सगळ्यात वाईट उझी माशी. ती मोठ्या अळीच्या अंगावर पांढरं अंडं चिकटवते, त्यातून निघालेली माशीची अळी आत शिरते आणि आतून खाते. आत शिरली की त्या जागी काळा डाग दिसतो. जाळी बारीक असण्याचं खरं कारण ही माशी. अळी मऊ पडून खाली डोकं करून लटकली आणि अंगातून काळपट पाणी गळू लागलं तर तो रोग आहे. ती अळी पानासकट काढून लांब पुरा आणि हात धुऊनच बाकीच्यांना हात लावा.

पावसाळ्यातल्या पिढीला हे सगळं व्हायला महिनाभर लागतो, थंडीतल्या पिढीला दीड महिना किंवा अधिकही. भंडारा वाणाच्या वर्षात तीन पिढ्या होतात: पहिली पावसाळ्याच्या तोंडी, दुसरी पाऊस सरताना, तिसरी थंडीत. पहिल्यांदा पाहणाऱ्याने दुसरी पिढी निवडावी. पानं पक्व असतात, पावसाची झोड कमी झालेली असते आणि अळ्या कमी मरतात.

सातवी पायरी: कोष विणताना

अळी अचानक खाणं थांबवून भटकू लागली, पातळ विष्ठा टाकली आणि अंग किंचित पारदर्शक दिसू लागलं की तिला जाळीत भरपूर पानांची, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी द्या. ती दोन-तीन पानं धाग्यांनी ओढून आडोसा करते, फांदीला कडं घालते, देठ ओढते आणि मग आत बसून डोकं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत भिंत विणते. पहिल्या दिवशी भिंत इतकी विरळ असते की आतली हालचाल स्पष्ट दिसते. व्हिडिओ घ्यायचा तर तेव्हाच, दुसऱ्या दिवशी काही दिसत नाही. विणणं तीन ते सहा दिवस चालतं. त्यानंतर आत अळीची कात गळून प्युपा होतो आणि तो तपकिरी, कडक व्हायला आणखी काही दिवस जातात. एकूण दहा दिवस फांदीला धक्का लावू नका.

धाग्यासाठी कोष विकायचा असतो तेव्हा प्युपा उन्हात किंवा वाफेवर मारला जातो, कारण पतंग बाहेर पडला की अखंड धागा निघत नाही. हे ऐकून बरेच हौशी निरीक्षक बिचकतात. त्यांनी पतंग निघून गेलेले भोकाचे कोष टाकून न देता जवळच्या विणकरांना द्यावेत. त्यांपासून हाताने घिचा नावाचं जाडसर, खडबडीत सूत काढतात. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावचे आणि चंद्रपुरातल्या नागभीडचे विणकर टसरवर काम करत आले आहेत.

वहीत प्रत्येक कोषापुढे चार रकाने ठेवा: अळीने विणायला घेतलं ती तारीख, झाड, कोषाचा रंग, पतंग निघाल्याची तारीख. ऑगस्टमध्ये विणलेला कोष काही आठवड्यांत फुटेल. थंडीत विणलेल्यापुढचा शेवटचा रकाना मात्र पुढच्या मृगापर्यंत कोराच राहणार आहे, तेव्हा मार्चमध्ये कंटाळून तो कापून पाहू नका.